चेस्की श्टेर्नबेर्क : एका घराण्याचा गड, सगळ्यांची नदी

प्रागच्या आग्नेयेला साझावा नदीच्या काठी चेस्की श्टेर्नबेर्क हे अगदी छोटं गाव आहे. गावाच्या डोक्यावर गड, पायाशी नदी. पर्यटनाच्या पुस्तकांत गड 'इतिहासा'त जातो आणि नदी 'सुट्टी'त. ही वाटणी मला पटत नाही. इथल्या नदीकाठच्या सुट्टीलाही इतिहास आहे, आणि गडाच्या इतिहासासारखाच तोही हक्काचा, हक्कावर आलेल्या गंडांतराचा आणि तो परत मिळण्याचा इतिहास आहे.

आधी गड पाहू. १२४१च्या सुमारास दिविशोवच्या झ्देस्लावने तो नदीवर झुकलेल्या कातळाच्या अरुंद सोंडेवर बांधला. जागा एवढी चिंचोळी की इमारतींना लांबीतच वाढावं लागलं. नदीकडची बाजू कड्याने सांभाळली, तरी १४६७ मध्ये बोहेमियाचा राजा यिर्झी याच्या सैन्याने गड घेतलाच. कारण राजकीय होतं : राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कॅथलिक सरदारांचा म्होरक्या झ्देस्लावच्याच, म्हणजे श्टेर्नबेर्क, घराण्याचा होता. पुढे तटबंदी बळकट झाली, सतराव्या शतकात दालनांवर इटालियन कारागिरांचं गिलावकाम चढलं. गड आठशे वर्षं एकाच घराण्याकडे आहे असं कौतुकाने सांगतात, ते मात्र तंतोतंत खरं नाही. मधल्या काळात तो परक्या हातांत होता. १८४१ मध्ये श्टेर्नबेर्कांनी तो परत विकत घेतला. १९४९ मध्ये साम्यवादी सरकारने तो ताब्यात घेतला, तेव्हा मालक यिर्झी श्टेर्नबेर्क तिथेच राहिले आणि स्वतःच्याच पूर्वजांच्या दालनांतून लोकांना गड दाखवत राहिले. साम्यवादी राजवट गेल्यावर, मालमत्ता परत देण्याच्या कायद्याने, १९९२ मध्ये त्यांचा मुलगा झ्देन्येक याला गड परत मिळाला. जे घराणं गमावलेली वास्तू पाहुण्यांना समजावून सांगत राहिलं, त्याचा तिच्यावरचा हक्क मला केवळ कागदोपत्री वाटत नाही.

आता नदी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोऱ्यातून रेल्वे धावू लागली. पहिल्या महायुद्धानंतर प्रागचे तरुण कामगार, कारकून, विद्यार्थी शनिवार-रविवारी पाठीला पिशवी लावून व्ल्तावा आणि साझावाच्या काठी मुक्काम करू लागले. त्यांना 'ट्रॅम्प' म्हणत. अमेरिकी चित्रपट आणि कथांचं त्यांना इतकं वेड होतं की तळांना त्यांनी तिकडचीच नावं दिली. या रेल्वेलाही लोक 'पोसाझाव्स्की पॅसिफिक' म्हणतात. ही मोकळीक सरकारला खुपली. १९३१ मध्ये बोहेमियाचे प्रांताध्यक्ष हुगो कुबात यांनी हुकूम काढून अविवाहित स्त्री-पुरुषांच्या एकत्र मुक्कामावर निर्बंध घातले. विरोध झाला, खटले चालले, आणि १९३५ मध्ये तो हुकूम रद्द झाला. व्ल्तावावर मग धरणांची साखळी उभी राहिली. ट्रॅम्पांचे जुने तळ जिथे होते, ते स्वातोयान्स्केचे खळाळ श्तेखोवित्सेच्या जलाशयाखाली गेले. साझावाच्या मधल्या पट्ट्यात मात्र मोठं धरण नाही, आहेत ते छोटे बंधारे. म्हणून उन्हाळ्यात कॅनोची रांग आजही गडाखालून जाते, नावाड्यांच्या 'अहोय' या हाळीला दुसऱ्या नावेतून 'अहोय' मिळतो, आणि रात्री काठावर तंबू लागतात.

आठ शतकांच्या गडाशेजारी शंभर वर्षांची सुट्टी मांडणं म्हणजे प्रमाण सोडणं, असं कोणी म्हणेल. पण जुनेपण हेच एकमेव माप असेल, तर गडाखालचा कातळ सर्वांत मोठा ठरेल. गडावरच्या आणि नदीकाठच्या लोकांनी त्या जागेवर काय हक्क सांगितला आणि त्यासाठी काय सोसलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सार्वजनिक झालेला वारसा एका कुटुंबाला परत देणं लोकांच्या हिताचं कसं? इथे व्यवहार बघावा. गड परत गेल्यावर त्याचे दरवाजे बंद झाले नाहीत. तिकीट काढून आजही कोणीही दालनं आणि तीस वर्षांच्या युद्धाच्या कोरीव चित्रांचा मोठा संग्रह पाहू शकतो. आणि गडाबाहेरच्या रानात तर तिकीटही लागत नाही. १९९५च्या चेक वनकायद्यानुसार जंगल कोणाच्याही मालकीचं असो, त्यात फिरण्याचा आणि स्वतःपुरती फळं-बेरी वेचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मालकी परत देणारा आणि वाट मोकळी ठेवणारा, असे दोन्ही कायदे त्या देशाने चार-पाच वर्षांच्या आत केले.