सहाव्या वर्षीची सहावी दाढ

सुपारी कातरताना आजी ती अडकित्त्याच्या टोकाशी ठेवत नाही, बिजागरीजवळ सरकवते. का बरे? टेकूजवळ तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो. आपला खालचा जबडा वेगळ्या प्रकारची तरफ असली तरी हा नियम त्यालाही लागू आहे. त्याचा टेकू कानाजवळच्या सांध्यात असतो. म्हणूनच उसाचा करवा चावायला दाढ लागते, हे आम्हा कराडकरांना सांगावे लागत नाही!

चावण्याचा मोठा भार पेलते ती पहिली कायमची दाढ. समोरच्या मधल्या रेषेपासून मोजल्यास ती सहावी. येतेही साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळतच नाही.

माझ्या मुलाची ही दाढ किडली, तेव्हा "दुधाचीच आहे, पडेल," असे म्हणून मी दुर्लक्ष केले. दहाव्या वर्षी ती काढावी लागली. तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेच्या माथ्यावरील खाचा ब्रशच्या केसाहूनही अरुंद असू शकतात. तोंडातील जिवाणू साखर-गुळापासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. दंतवल्कात जिवंत पेशी नसतात, म्हणून पडलेला खड्डा हाडासारखा भरून येत नाही.

उपाय सोपे आहेत. फ्लुओराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावेत, गोड खाल्ल्यावर चूळ भरावी आणि दाढ उगवताच दंतवैद्याकडून खाचांवर संरक्षक लेप लावून घ्यावा.

आज रात्री धाकट्या भावंडाला 'आ' करायला सांगा आणि मोजा. सहावी आली आहे का?