वऱ्हाडांतील पांढरें सोनें : खामगांवची हकीकत

१८५१ सालीं ऑस्ट्रेलियांतील बॅलारॅट येथें सोनें सांपडलें आणि पाहतां पाहतां तेथें नगर उभें राहिलें. वऱ्हाडांत तसाच प्रकार घडला. पण तो जमिनीच्या पोटांतील धातूमुळें नव्हे, तर काळ्या रानांत पिकणाऱ्या कापसामुळें. त्या हकीकतींतील मुख्य गांव खामगांव. आज तें बुलढाणा जिल्ह्यांत मोडतें. १९०५ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांत होतें.

रेल्वेपूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारें पांचशें मैल दूर, गंगेकांठच्या मिर्झापुरास जाई. वाटेंतील धुळीनें व पावसानें त्याची कळा जाई. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यास त्याची फारशी गरजही नव्हती. अमेरिकेचा माल त्यास हवा तेवढा मिळे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडूं लागल्या. कापसाचा भाव तिपटीहून अधिक चढला. मग काय विचारतां! मुंबईच्या पेढ्यांचे अडत्ये, दलाल, गोऱ्या व्यापाऱ्यांचे मुनीम यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. खामगांवचा बाजार पूर्वींचाच, पण त्याचें रूप पालटलें तें या धामधुमींत. अमरावतीच्या नांवावरून विलायतेंत वऱ्हाडी मालास ‘ऊमरा’ म्हणूं लागले.

मौज अशी कीं, ही घाई ज्या कारणानें उसळली तें कारण रेल्वे नागपुरास पोंचण्यापूर्वींच संपलें. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, मुंबईंत पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. लोहमार्ग नागपुरास गेला १८६७ सालीं. जलंबहून खामगांवास जाणारी आठ मैलांची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडली १८७० सालीं, आणि बडनेरा-अमरावती फांटा झाला १८७१ मध्यें. वरात दारीं आली तों मांडव उतरविण्याची वेळ झालेली!

तरीही खामगांव ओस पडलें नाहीं. खाण एकदां रिती झाली कीं संपली. कापूस दरसाल पेरतां येतो. वाफेवर चालणारे प्रेस आले, गांठी थेट मुंबईस जाऊं लागल्या, व्यापार टिकला. कुणब्याची गोष्ट निराळी. चढत्या भावाच्या भरंवशावर अनेकांनीं ज्वारीचीं शेतें कापसाखालीं आणलीं व सावकाराकडून रक्कम उचलली. भाव उतरले, कर्जाचा आंकडा मात्र उतरला नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य आगगाडीनें येत होतें. पण ज्याच्या पेवांत ज्वारी नव्हती आणि कनवटीस पैसाही नव्हता, त्यास स्टेशन जवळ असून कांहीं उपयोग झाला नाहीं.