मधे कुणी नाही

१९२५ साली ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यभागातून एक डॉज गाडी धूळ उडवत चालली होती. गाडीत होते जॉन फ्लिन हे धर्मोपदेशक आणि वायरलेस जाणणारे जॉर्ज टाउन्स. मुक्काम पडला की दोघं गाडीचं मागचं चाक जॅकवर उचलत, त्या चाकावर पट्टा चढवून जनित्र फिरवत आणि त्या विजेवर आपला रेडिओ चालवत. फ्लिन यांना एकच ध्यास होता. शेकडो मैलांवर विखुरलेल्या पशुपालकांच्या घरात कुणी आजारी पडलं तर डॉक्टरला हाक कशी मारायची?

विमानानं जाणारा डॉक्टर १९२८ मध्ये क्लॉनकरी गावातून उडू लागला. हाक मारण्याचा प्रश्न पुढच्या वर्षी ॲडलेडच्या अल्फ्रेड ट्रेगर यांनी सोडवला. सायकलसारखे पेडल मारून वीज तयार करणारा त्यांचा संच अगदी साधा होता. साधारण वीस वॅट वीज मिळे आणि पाय चालवताना दोन्ही हात मोकळे राहत. ट्रेगर यांच्याकडे हौशी रेडिओचा परवानाही होता. वाळवंटात गाडीला रेडिओ जोडून फिरणाऱ्या आजच्या ऑस्ट्रेलियन हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परंपरा इथवर मागे जाते.

त्यांचा मुलूख केवढा, याची कल्पना यायला हवी. एकटं सिम्पसन वाळवंट महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठं आहे. एकमेकींना समांतर पसरलेल्या अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या, तेव्हा पलीकडे बर्ड्सव्हिल गाव लागतं. टेकडीच्या माथ्यावर येईपर्यंत समोरची गाडी दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावावाच लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट याहून खडतर. विलूना ते हॉल्स क्रीक ही सुमारे १८५० किलोमीटरची वाट शंभरेक वर्षांपूर्वी गुरं हाकून नेण्यासाठी आखली गेली आणि वाटेत विहिरी खोदल्या गेल्या. आजही वाटेतल्या डिझेलची सोय आधी करून ठेवावी लागते. मोबाइलचं नेटवर्क इथे विसरायचं.

ताफ्यातल्या गाड्या आपसात बोलतात ४७७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओवर. पाच वॅटचा हा संच उपयोगी खरा, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मधे चार टेकड्या आल्या की आवाज तुटतो. शॉर्टवेव्हचं तसं नाही. त्या लहरी वर जातात, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात वळतात आणि दूर कुठेतरी जमिनीवर उतरतात. दिवसा ४० मीटरच्या पट्ट्यात काहीशे किलोमीटरवरची गावं बोलतात, अंधार पडला की ८० मीटरचा पट्टा जागा होतो; २० मीटरवर तर परदेशही सापडतो. मनोरा नाही, उपग्रह नाही, महिन्याचं बिल नाही. बोलणारा, ऐकणारा आणि मधे सूर्यानं तयार केलेलं आकाश, एवढाच हा मामला.

अडचण आहे ती गाडीची. ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यात, पाव तरंगलांबीची उभी अँटेना करायची तर दहा मीटरचा खांब लागतो. गाडीवर झेपते जेमतेम अडीच मीटरची छडी. उरलेली लांबी तांब्याच्या कॉइलनं भरून काढायची. अँटेना त्यानं सुरात येते, पण किंमत मोजावी लागते. ३.५ मेगाहर्ट्झवर अशा छडीचा प्रारण-रोध, म्हणजे विजेच्या लहरी करणारा उपयोगी रोध, एका ओहमच्याही खाली असतो, तर कॉइल आणि गाडीखालची जमीन मिळून त्याच्या कितीतरी पट रोध मधे घालतात. संचानं शंभर वॅट दिले तरी आकाशात जातात मोजकेच काही वॅट. बाकीच्यांनी कॉइल आणि वाळू तापते.

म्हणून गाडीवरच्या हॅमची खरी ओळख संचावरून होत नाही, कॉइलवरून होते. ती बुडाशी बसवली तर सोपं पडतं, पण छडीतला विद्युतप्रवाह लगेच ओसरतो. मधोमध बसवली तर खालच्या अर्ध्या छडीत प्रवाह टिकून राहतो आणि अँटेना अधिक फेकते. वारा आणि खड्डे यांत ती सांभाळण्याची कसरत मात्र वाढते. जाड तारेची, मोठ्या व्यासाची कॉइल तोटा कमी करते. २८ मेगाहर्ट्झवर तीच अडीच मीटरची छडी पाव तरंगलांबीची भरते आणि कॉइलची गरजच उरत नाही. पट्टा बदलला की खाली उतरून कॉइल बदलण्याचा त्रास डॉन जॉन्सन या अमेरिकन हॅमनं वाचवला. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची मोटर त्यांनी कॉइल वर-खाली सरकवायला वापरली. या जातीच्या अँटेनाला जगभर आजही स्क्रूड्रायव्हर अँटेनाच म्हणतात.

छडी म्हणजे अर्धी अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा, आणि नवखे नेमके इथेच फसतात. बॉनेट रंगवलेल्या बिजागरीवर टेकलेलं असतं, सायलेन्सरचा पाइप रबरावर लटकतो, म्हणजे विजेच्या दृष्टीनं गाडी तुकड्यातुकड्यांत विभागलेली असते. बॉनेट, दारं, पाइप, चॅसिस सगळं विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलं की अँटेना सुधारते आणि इंजिनाचा खरखराटही घटतो. शंभर वॅटचा संच बोलताना वीसेक ॲम्पिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला तो भार पेलत नाही. थेट बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीलगत फ्यूज, यात काटकसर करू नये. अलीकडचा मोठा शत्रू म्हणजे टपावरच्या सोलर पॅनेलचा चार्जर. त्याच्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज पार बुडतो.

मुक्कामी सगळंच पालटतं. फायबरग्लासचा घडीचा खांब बंपरला बांधायचा आणि त्यावरून वीस मीटर तार दोन्ही बाजूंना उतरवायची, की ४० मीटरच्या पट्ट्यासाठी पूर्ण लांबीची डायपोल अँटेना तयार. चालत्या गाडीतून बोलताना कुणाला ऐकू जात नव्हतं, तिथे आता उत्तरांची रांग लागते. राष्ट्रीय उद्यानांतून प्रक्षेपण करण्याच्या मोहिमांनी अशा मुक्कामांना नवा उत्साह दिला आहे. ‘पार्क्स ऑन द एअर’मध्ये एका उद्यानातून दहा संपर्क झाले की मोहीम ग्राह्य धरतात, ‘वर्ल्ड वाइड फ्लोरा अँड फॉना’त त्यासाठी ४४ लागतात. डोंगरमाथ्यांच्या ‘सोटा’ मोहिमेला मात्र गाडीतून केलेलं प्रक्षेपण चालत नाही. तिथे संच पाठीवर घेऊन चढावं लागतं.

सॅटेलाइट फोन असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. जीव धोक्यात असेल तेव्हा सॅटेलाइट फोन आणि संकटसूचक बीकन हीच पहिली साधनं, यात वाद नाही. पण फोन एकालाच लागतो. रेडिओवरची हाक त्या पट्ट्यावर कान लावून बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाते, आणि पुढचा रस्ता पुरानं बंद आहे हे सांगणारा बहुधा त्यांच्यातलाच, तुमचा नंबर माहीत नसलेला कुणीतरी असतो.

भारतात हा मुद्दा आणखी धारदार होतो, कारण परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन बाळगणं इथे बेकायदा आहे. २००१ च्या भुज भूकंपात हॅम मंडळी धावून गेली होती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचं हॅम पथक पोर्ट ब्लेअरला होतं. त्सुनामी आली आणि अंदमानचा संपर्क त्यांच्या संचांनी सांभाळला. गाडीवर छडी लावून लडाखकडे निघण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांना आधी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वय किमान १२ वर्षं हवं, आणि वरच्या, म्हणजे जनरल श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सही यायला हवा. सीमेलगतच्या भागात प्रक्षेपण करण्यापूर्वी परवान्यातल्या अटी आणि स्थानिक परवानग्या नीट तपासाव्यात. कॉइलची जुळणी, पत्र्यांची जोडणी आणि फ्यूज मात्र घराच्या अंगणातच पक्कं करून घ्यावं.