चेंडू हातात नसतानाचा पॉइंट गार्ड

रायगडात कबड्डी पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. कितीही मोठा चढाईपटू असो, चढाई संपली की तोही बचावाच्या साखळीत उभा राहतो, आणि तिथे तो कच्चा असला तर समोरचा नेमका त्याच्याच बाजूने आत शिरतो. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगचे सामने पनवेलच्या तरुणांनाही आता कामावर निघायच्या आधी मोबाईलवर पाहता येतात. तिथल्या एका जुन्या वादाकडे हीच कबड्डीची नजर लावून पाहण्यासारखी आहे. ज्या संघात चेंडू स्वतःच्याच हातात ठेवून खेळणारे दोन-तीन बडे स्टार आहेत, तिथे आधी पासचा विचार करणारा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा खेळाडू, आणला तर घडी बसते का? माझ्या मते बसते, पण त्याच्या पासमुळे नव्हे; चेंडू हातात नसताना तो काय करतो, त्यावर ते ठरतं. संघाला फेक करायला 24 सेकंद मिळतात, आणि त्यातली बरीचशी स्टारच्या ड्रिबलमध्येच जातात. तेवढा वेळ हा पासर कोपऱ्यात उभा असतो. तिथून त्याचा नेम लागत नसेल, तर त्याच्यावरचा बचावपटू त्याला सोडून खुशाल स्टारला घेरायला जातो. म्हणजे स्टारला मोकळं करायला आणलेला माणूसच त्याच्याभोवती गर्दी वाढवतो.

फिनिक्स सन्स या संघाची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. 2023-24 मध्ये केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील हे तिघे एकत्र आले. तिघेही गुण घेणारे, खेळ रचणारा हाडाचा पॉइंट गार्ड एकही नाही. 49 सामने जिंकूनही प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने त्यांना 4-0 असं धुतलं. निदान सगळ्यांनी एकच केलं: पासर हवा. मग टायस जोन्स आला, तोही अनुभवी खेळाडूंना मिळणाऱ्या किमान मानधनावर. आदल्या हंगामात वॉशिंग्टनकडून त्याने सामन्याला सरासरी 7.3 असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले होते आणि चेंडू गमावला होता जेमतेम एकदा. इतकं नेटकं प्रमाण लीगमध्ये कोणी राखलं नव्हतं. लांबून नेमही चांगला. सन्सने सुरुवातीच्या 9 सामन्यांपैकी 8 जिंकले, आणि औषध लागू पडलं असं वाटलं. हंगाम संपला तेव्हा मात्र 36 विजय आणि 46 पराभव, प्ले-ऑफसुद्धा हुकलं. ड्युरंटच्या पोटरीची दुखापत हे एक कारण होतं, नाही असं नाही. पण जोन्सचे असिस्ट 5.3 वर आले, कारण चेंडू मुळात इतरांच्या हाती होता. आणि सहा फूट एक इंचाचा हा गडी बचावात उभा राहिला की प्रतिस्पर्धी त्यालाच शोधून त्याच्यावर चाल करत. पुढे त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढून बेंचवर बसवावं लागलं.

यावर कोणी स्टीव्ह नॅशचं नाव घेईल, आणि घ्यायलाही हवं. नॅश हा 2005 आणि 2006 चा सर्वोत्तम खेळाडू, लांबून टाकायचे थ्री-पॉइंटर नेमाने टाकणारा. कोपऱ्यात उभं राहणं निष्फळ जाऊ न देणारा याहून चांगला पासर कुठे मिळणार? तरी 2012-13 मध्ये लेकर्समध्ये कोबी ब्रायंटच्या जोडीला तो आला आणि संघ 45 विजयांवर अडकला. त्याचं वय 38, दुसऱ्याच सामन्यात पाय मोडला, पहिला प्रशिक्षक पाच सामन्यांतच गेला. इतक्या गडबडीतून शुद्ध निष्कर्ष काढणं अवघड आहे, हे मान्य. पण दोन गोष्टी उरतात. सामन्याला 10.7 असिस्ट देणारा माणूस 6.7 वर आला, कारण हळूहळू खेळ रचायचं काम कोबीनेच अंगावर घेतलं. नॅश उरला तो नेमबाज म्हणून, आणि ते काम त्याने 43.8 टक्के थ्री-पॉइंटर अचूक टाकून चोख केलं. त्या वयात बचाव मात्र त्याला झेपत नव्हता. म्हणजे नेम हवाच, पण नुसत्या नेमाने भागत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: राजॉन रॉन्डोला कुठे नेम होता? 2008 मध्ये बॉस्टनचं विजेतेपद त्याने सुरुवातीच्या पाचांत खेळूनच मिळवलं. खरं आहे. पण तिथले स्टार चेंडूला चिकटून बसणारे नव्हते. रे ॲलन चेंडूशिवाय धावून मोकळी जागा काढायचा, केव्हिन गार्नेट स्वतः उत्तम पास द्यायचा, आणि रॉन्डो बचावात चिवट होता. लेब्रॉन जेम्सबरोबर 2020 मध्ये तोच रॉन्डो पुन्हा विजेता ठरला, तेव्हा तो बेंचवरून येत असे. लेब्रॉन विश्रांतीला बसला की चेंडू त्याचा. शिवाय त्या प्ले-ऑफमध्ये त्याचे थ्री-पॉइंटर कधी नव्हे ते पडत होते.

मग पासर हवाच कशाला? मायकल जॉर्डनच्या शिकागोने जॉन पॅक्सन आणि स्टीव्ह कर या नेमबाजांवरच भागवलं, असंही म्हणता येईल. पण तिथे चेंडू फिरवायचं काम संघाची खेळण्याची पद्धतच करत होती, आणि खेळ रचायला स्कॉटी पिपेन होता. ज्यांच्याकडे तसं काही नाही, त्यांच्यासाठी पासर मोलाचा ठरतो तो स्टार बसतो त्या मिनिटांत. 2017-18 मध्ये ह्यूस्टनच्या माइक डँटोनींनी क्रिस पॉल आणि जेम्स हार्डन यांच्यातला एक जण जवळजवळ सतत मैदानावर राहील अशी आखणी केली आणि संघाने 65 सामने जिंकले.  दोघे एकत्र असतानाही अडत नव्हतं, कारण पॉलचा नेम पक्का आणि बचाव कडवा होता. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत 3-2 अशी आघाडी मिळवून देणाऱ्या पाचव्या सामन्यातच पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि पुढचे दोन्ही सामने गेले.

2025 च्या उन्हाळ्यात ड्युरंट त्याच ह्यूस्टनला गेला. तिथे पॉइंट गार्ड होता फ्रेड व्हॅनव्लीट, पास देणारा, बाहेरून फेकणारा आणि बचावात हात चालवणारा. सप्टेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. चेंडू पुढे आणायचं काम मग बरंचसं आमेन थॉम्पसनकडे आलं: बचावात लीगमधल्या अव्वल खेळाडूंपैकी एक, रिंगपाशी झेपावणारा, पण लांबून नेम कच्चा. त्याला कोपऱ्यात उभं करून चालणार नाही. ड्युरंटकडे चेंडू असताना त्याने बास्केटकडे धाव घेत राहायला हवं.