‘ये’ म्हणायचं की ‘बा’?

मुधोळचा कुत्रा घरात अगदी गरीब गाय. कोपऱ्यातल्या पोत्यावर मुकाट पडून असतो. पण फाटक उघडं राहिलं आणि पलीकडं मांजर हललं, की संपलं. आई ‘ये, ये’ करते, अज्जी ‘इल्ली बा’ म्हणते, मुलं नावानं ओरडत सुटतात आणि कुत्रा केव्हाच बांध ओलांडून गेलेला असतो. घराजवळून हायवे जात असेल तर तेवढ्या वेळात काळजाचं पाणी होतं.

अशा कुत्र्याला हट्टी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही जात काही साधीसुधी नव्हे. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी तिला आश्रय दिला, 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, 2016 मध्ये तिची पिल्लं मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणाला गेली. हा कुत्रा शिकार करतो ती नजरेनं. ससा दिसला की हुकमाची वाट न बघता धावायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या रक्तात मुरलंय. दर दहा पावलांवर वळून धन्याचं तोंड बघणं त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळं दटावून तो येणार नाही. हाकेला गेलं की आपलाच फायदा होतो, हे त्याला पटावं लागतं.

आपल्या घरांतून दोन भाषांचा संसार चालतो. कुत्र्याला भाषेशी देणंघेणं नाही, पण शब्द सगळ्यांनी मिळून एकच ठरवायला हवा. नुसतं ‘बा’ नको. ‘बस’ची सुरुवातही तशीच होते, लांबून घोटाळा होतो. ‘इल्ली बा’ बरं. ‘ये’ तर दिवसभर आपण एकमेकांनाच म्हणत असतो. मला विचाराल तर खेड्यातली जुनी ‘यू यू’ सगळ्यांत चांगली. तिच्यावरून सीमावाद तरी होणार नाही!

पहिला आठवडा घरातच काढा. हाक एकदाच मारायची, आला की तत्काळ उकडलेल्या अंड्याचा तुकडा. शाकाहारी घरात पनीर. वाळक्या चपातीसाठी मुधोळ कुत्रा ससा सोडेल, ही आशा नको. मग अंगण, मग मोकळं रान. रानात पंचवीस-तीस फुटांची हलकी दोरी बांधा, पण ती छातीच्या पट्ट्याला. याची मान लांब आणि नाजूक. भरधाव सुटल्यावर गळ्याला हिसका बसला तर इजा होते. शिवाय डोकं निमुळतं, गळपट्टा सहज निसटतो. दोरी हाताला गुंडाळून घेऊ नका, बोटं जातील.

बहुतेक घरांत गाडी अडते ती पुढंच. तासाभरानं परतलेल्या कुत्र्याला आजोबा रागानं चपराक देतात. पळून गेल्याची ही शिक्षा, असं आपल्याला वाटतं. कुत्र्याच्या लेखी ती परत आल्याची असते. आंघोळ घालायची असेल, गोळी द्यायची असेल, तर हाक मारू नका. उठून त्याच्याकडं जा. आणि हाकेला आला की दर वेळी साखळी लावून घरी नेऊ नका. दहांतल्या नऊ वेळा खाऊ द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. नाहीतर हाक म्हणजे खेळ बंद, हे तो दोन दिवसांत ताडतो.

सुटलाच तर मागं धावू नका, त्याला ती शर्यत वाटते. उलट दिशेनं पळत सुटा, किंवा खाली बसा. पुष्कळदा तो कुतूहलानं वळतो. मात्र कितीही शिकवलेला असला तरी रस्त्यालगत त्याला मोकळा सोडू नये. धावायला कुंपणाचं शेतच हवं. एकदा डोळ्यानं सावज धरलं की कानांवर पडलेलं आत पोचत नाही. हाक मारायची ती त्याच्या क्षणभर आधी: मान उंच झाली, कान टवकारले, अंग जागच्या जागी थिजलं, की तेव्हाच.