प्रगतिपुस्तकाबरोबर आरोग्याचे कार्डही पाहा

मुळशीच्या प्राथमिक शाळांचे पहिले सत्र आणि आपल्या वस्तीतील पालकांची कामे



मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे पहिले सत्र संपत आले आहे. जूनच्या पावसात सुरू झालेली शाळा आता दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पोहोचली. सत्र परीक्षा होईल, प्रगतिपुस्तक मिळेल, मराठी-गणितात किती गुण पडले ते घरोघर विचारले जाईल. ते विचारलेच पाहिजे. पण याच चार-पाच महिन्यांत शाळेत आणखी बरेच काही घडते. जंताची गोळी दिली जाते, लोहाची गोळी दिली जाते, डॉक्टरांचे पथक येऊन जाते, पोषण महिना साजरा होतो. त्याची चौकशी करायला मात्र आपल्या वस्तीतून फार कमी पालक शाळेत जातात.

कारण आम्हाला ठाऊक आहे. पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी आई, हिंजवडी-बावधनच्या सोसायट्यांत घरकाम करणारी आई सकाळी सहालाच घर सोडते. बाप बांधकामावर असतो नाही तर भातकापणीला. शाळेत जाणे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवणे. म्हणूनच आम्ही काही कार्यकर्त्या या सत्रात वस्त्यांतून आणि शाळांतून फिरलो. त्यातून जे महत्त्वाचे वाटले ते या पानावर मांडत आहोत.

जंताची गोळी आणि भाताचे खाचर

राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या वर्षातून दोन फेऱ्या असतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा. राज्यात त्या कधी मागेपुढे होतात. शाळेतल्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला देतात. जे मूल त्या दिवशी गैरहजर असते त्याला काही दिवसांनी पुन्हा संधी असते. आपले मूल त्या दिवशी शेतावर किंवा मामाच्या गावी होते का, एवढे गुरुजींना विचारा. राहिले असेल तर आशाताईंना सांगा.

मुळशीत या गोळीचे महत्त्व जास्त आहे. इथले पीक भाताचे. पावसाळाभर मुले अनवाणी चिखलात फिरतात. जिथे उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत आकडीकृमीची अळी असते. ती पायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. मूल पोटभर जेवते तरी अंगी लागत नाही, चेहरा फिका दिसतो, वर्गात पेंगते. मग आपण म्हणतो, "पोराचं अभ्यासात लक्षच नाही." लक्ष नसते असे नाही, अंगात रक्त नसते.

गुलाबी गोळी का घ्यायची

पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक अॅसिडची गुलाबी गोळी द्यायची असते. तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह असते. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना निळी गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम. २०१८ साली सुरू झालेल्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ही आखणी आहे.

वस्तीत या गोळीबद्दल भीती फार. "गोळीने मळमळते, शौचाला काळे होते." शौचाला काळे होणे हा लोहाचा साधा परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळते ते बहुधा उपाशीपोटी घेतल्याने. म्हणून गोळी शाळेतल्या जेवणानंतरच घ्यायची. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी आठवड्याची एक गोळी पुरत नाही, उपचार वेगळा असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या कितीतरी घरांत मुलाची न्याहारी म्हणजे चहा आणि बटर, नाही तर चहा आणि रात्रीची चपाती. चहामुळे जेवणातले लोह अंगात शोषले जात नाही. आईला सकाळी वेळ नसतो हे मान्य. पण चहाऐवजी तीच चपाती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर देता येते. रात्रीच्या कालवणात सुकट, पालेभाजी, चवळी, मसूर घालता येते. वर लिंबू पिळले तर लोह चांगले लागू पडते. कलेजी परवडेल तेव्हा आणा आणि तिचा पहिला वाटा मुलीच्या ताटात घाला. मुलगा आधी आणि मुलगी मागून ही रीत बुद्धाच्या धम्मात बसत नाही.

शाळेतले ताट

दुपारचे जेवण ही मुलावर केलेली मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी मिळावी, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी जेवण चाखून पाहायचे असते. पालकही जाऊन चाखू शकतात. खिचडीत डाळ दिसते की नुसते पिवळे पाणी, हे बघायला पदवी लागत नाही.

अंड्याचा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा फळ. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्यायचे असेल तर द्या, असे शाळांना सांगितले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या त्या जेवणातल्या प्रथिनांच्या निम्मी. ज्या घरात रोज डाळ शिजत नाही तिथल्या मुलाला या एका अंड्याची किंमत काय, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. ज्यांच्या गावात लोकसहभाग उभा राहील ते देतील. पण वर्गणी काढण्याइतकी ऐपत नसलेल्या वाडीतल्या मुलांचे काय? निधी पुन्हा सुरू करावा असा ठराव ग्रामसभेत मांडा. विहारात दर पौर्णिमेला आपण जमतो, तिथे या ठरावाचा मसुदा तयार होऊ शकतो.

ताटाबरोबर पंगतही पाहा. आपली मुले, कातकरी वस्तीतली मुले, धनगरवाड्यावरची मुले सर्वांबरोबर एका रांगेत बसतात का? पाण्याच्या पिंपाला सर्वांचा हात लागतो का? बाबासाहेबांनी शाळेच्या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे की त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्यांना पाणी पिता येत नसे. आज असे कुठे दिसले तर गप्प बसू नका. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या. उपयोग झाला नाही तर केंद्रप्रमुख आणि नंतर पौडच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

दप्तरात राहिलेली चिठ्ठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. पथकात डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असतात. ते उंची-वजन घेतात, डोळे, कान, दात, कातडी पाहतात, हृदयाचे ठोके ऐकतात. काही आढळले तर संदर्भ चिठ्ठी देतात. ती घेऊन पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचे असते. पुढचे उपचार, गरज पडली तर हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, या कार्यक्रमात मोफत होते.

अडते ते इथेच. एका वस्तीत तिसरीतल्या मुलीच्या कंपासपेटीत आम्हाला अशी चिठ्ठी घडी घातलेली सापडली. तिच्यावर डोळे तपासावे असे लिहिलेले. चिठ्ठी कितीतरी महिन्यांची. आई म्हणाली, "मला वाटलं शाळेचा कागद असेल." मुलगी फळ्यावरचे शेजारणीच्या वहीत बघून लिहीत होती आणि वर्गात तिला मंद समजले जात होते. तिला चष्मा लागला, एवढेच. मुलीच्या बुद्धीत काही खोट नव्हती.

म्हणून या सुट्टीत एक काम कराच. मुलाचे दप्तर उपडे करा. चिठ्ठी, कार्ड, कागद जे निघेल ते वाचा. वाचता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या. चिठ्ठी निघाली तर सुट्टी ही दवाखान्यात जायची उत्तम वेळ, शाळा बुडत नाही. सोबत लसीचे कार्डही काढा. पहिलीतल्या मुलाला, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या वयाला, त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर आणि दहा वर्षांच्या मुलाला टीडीची लस झाली आहे का ते बघा. धनुर्वात आणि घटसर्प यांच्यापासून संरक्षण त्यातून मिळते.

पाऊस सरला, काळजी सरली नाही

मुळशीचा पाऊस परतला की तीन धोके उरतात.

पहिला, पाणी. विहिरी-झरे भरलेले दिसतात पण गढूळ पाण्याने जुलाब आणि कावीळ येते. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळू द्या, झाकून ठेवा. शाळेची टाकी कधी धुतली हे विचारा. १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा जागतिक दिवस शाळांत साजरा होतो. त्या दिवशी फोटो निघतो, पण साबण दुसऱ्या दिवशीही जागेवर असला पाहिजे.

दुसरा, डेंग्यू. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेत. शाळेतली आणि घरातली पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, कोरडी करा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मनाने देऊ नका. रक्तस्राव, पोटात जोराचे दुखणे, सतत उलटी, सुस्ती यांपैकी काही दिसले तर थांबू नका.

तिसरा, साप. भातकापणीच्या दिवसांत घोणस, मण्यार, नाग, फुरसे माणसाच्या वाटेत येतात. शाळेच्या आवारात वाढलेले गवत सुट्टीतच कापून घ्यायला सांगा. साप चावला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही. मुलाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात लस मिळते. मंत्राने विष उतरत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हा घोळ नको.

शाळा टिकली तरच हे सारे टिकेल

वर सांगितलेले जेवण, गोळी, तपासणी, लस हे सारे मुलापर्यंत शाळेच्या दारातून येते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. आपल्याच जिल्ह्यातील पानशेतची समूह शाळा तेव्हा नमुना म्हणून पुढे केली गेली. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, सोयी जास्त, ही बाजू आम्ही नाकारत नाही. पण मुळशीत धरणाच्या पाण्याभोवती आणि डोंगरकड्याला विखुरलेल्या वाड्या आहेत. जुलैच्या पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांच्या मुलीने लांबच्या शाळेत कसे जायचे? गाडी वेळेवर आली नाही तर त्या दिवशी तिचा वर्ग बुडतो, तिचे जेवणही बुडते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी हे शिक्षणहक्काच्या नियमांतच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षणहक्क कायदा २००९ सांगतो. दुर्बल घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा द्यायची असते. तुमच्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का? नसेल तर पुढच्या निवडीला नाव द्या. असेल तर ती सहीपुरती नको, तिने प्रश्न विचारले पाहिजेत.

७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस आहे. १९०० साली याच तारखेला सुभेदार रामजींचा भिवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत दाखल झाला. राज्यात २०१७ पासून हा दिवस शाळांत साजरा होतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन. या दोन दिवसांपैकी एका दिवशी अर्धा रोज बुडाला तरी चालेल, पण शाळेत जा. मुलाचे भाषण ऐका, टाळ्या वाजवा. नंतर मुख्याध्यापकांकडे बसून चारच गोष्टी विचारा: माझ्या मुलाचे वजन किती, गोळी मिळाली का, तपासणीत काय निघाले, आणि पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली. एका बाईने विचारले तर उत्तर टाळता येते. वस्तीतल्या दहा जणी मिळून गेल्या तर वही उघडावीच लागते.

जय भीम, नमो बुद्धाय!