व्यापारी नभोवाणी : संगीतसूची व प्रतिमा

प्रसारणवेळेचा काही भाग जाहिरातदारांना विकून त्या उत्पन्नावर चालविल्या जाणाऱ्या नभोवाणीस व्यापारी नभोवाणी म्हणतात. अशा केंद्राच्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित संगीताचा वाटा सर्वांत मोठा असतो. कोणती गीते, दिवसाच्या कोणत्या प्रहरी व किती वेळा वाजवावयाची हे ठरविणारी यादी म्हणजे त्या केंद्राची संगीतसूची. आणि केंद्राचे नाव ऐकताच श्रोत्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ती त्याची प्रतिमा होय. श्रोत्यांची अभिरुची बदलली की सूची बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि प्रसारणाचा खर्च कोण करतो, ध्वनिमुद्रिका कोणत्या अटींवर मिळतात आणि प्रक्षेपण कोठवर पोहोचते, या तीन गोष्टींचा परिणाम अभिरुचीइतकाच, किंबहुना काही वेळा तिच्याहून अधिक असतो. महाराष्ट्रातील व्यापारी प्रसारणाच्या वाटचालीवरून हे स्पष्ट होते.

सूचीची रचना : अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी टॉड स्टॉर्झ यांच्या ओमाहा येथील केंद्राने थोडीच लोकप्रिय गीते पुनःपुन्हा वाजविण्याची पद्धती रूढ केली. उपाहारगृहांतील नाणे टाकून वाजवावयाच्या यंत्रावर गिऱ्हाइके नवनवी गीते न निवडता तीच ती गीते निवडतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. ‘टॉप फॉर्टी’ या नावाने ती जगभर पसरली. तिचे गणित सोपे आहे. उदाहरणार्थ, एखादे केंद्र तासाला १० याप्रमाणे दिवसाच्या १८ तासांत १८० गीते वाजवीत असेल आणि त्यांतील निम्म्या जागा २० नव्या गीतांना दिल्या असतील, तर प्रत्येक नवे गीत दिवसातून चार ते पाच वेळा ऐकू येईल. उरलेल्या ९० जागा ३६० जुन्या गीतांमध्ये वाटल्यास त्यांतील प्रत्येकाची पाळी चार दिवसांनी येईल. सूची आखूड केली की केंद्र चटकन ओळखू येते, मात्र श्रोता लवकर कंटाळतो. सूची लांबविली की वैविध्य वाढते, पण ओळख पुसट होते. या दोहोंचा तोल सांभाळणे हे संगीत-नियोजकाचे मुख्य काम होय. गीत वारंवार वाजले की त्याचा खप वाढतो. त्यामुळे सूचीत गीत घालण्यासाठी निवेदकांना पैसे देण्याचे प्रकार अमेरिकेत घडले व १९६० मध्ये त्यांवर कायद्याने निर्बंध घालण्यात आले.

रेडिओ सिलोन : भारतीय श्रोत्यांना व्यापारी प्रसारणाची गोडी लागली ती परदेशी केंद्रामुळे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा कल शास्त्रीय संगीताकडे होता. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण बरेच घटले आणि गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद करण्यात आले. निर्मात्यांनीही प्रसारणाची परवानगी काढून घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेला शक्तिमान लघुतरंग प्रक्षेपक कोलंबोच्या केंद्राला लाभला होता. त्यावरून चित्रपटगीते भारतभर ऐकू येऊ लागली. अमीन सायानी यांनी निवेदन केलेला ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाला. एका दंतधावनाच्या उत्पादकाने पुरस्कृत केलेला हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोस पाठविला जाई. प्रारंभी त्याचे स्वरूप स्पर्धेचे होते. पुढे ध्वनिमुद्रिकांचा खप व श्रोतासंघांची पत्रे यांच्या आधारे गीतांचा लोकप्रियताक्रम लावण्यात येऊ लागला. अशा रीतीने सूची बनविण्यात श्रोत्याचा हात लागला, निदान तशी त्याची भावना झाली. बिहारातील (आता झारखंड राज्यातील) झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या व्यापाराचे गाव तेथून येणाऱ्या फर्माइशींच्या पत्रांमुळेच देशभर परिचित झाले.

विविध भारती : या स्पर्धेला उत्तर म्हणून आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती ही सेवा सुरू केली. तिच्या उभारणीत कवी नरेंद्र शर्मा यांचा प्रमुख वाटा होता. आरंभीची तिची प्रतिमा ‘पचरंगी कार्यक्रम’ अशी होती. चित्रपटगीतांच्या जोडीला खास प्रसारणासाठी रचलेली सुगम गीते, नाटिकांचा ‘हवामहल’ आणि सैनिकांसाठी ‘जयमाला’ असे कार्यक्रम तीत होते. प्रसारणासाठीच गीते निर्माण करण्याची ही परंपरा मराठीत समृद्ध होती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून सादर झालेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण हे तिचे सर्वश्रेष्ठ उदाहरण होय. त्या वेळी प्रसारणाचा खर्च शासन करीत असल्याने खपाचा विचार न करता अशी निर्मिती शक्य झाली.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि देशातील व्यापारी नभोवाणीचा पाया घातला गेला. स्वस्त ट्रँझिस्टर संचांचा प्रसारही याच सुमारास झाला. चित्रपटगीते सूचीचा कणा बनली आणि प्रायोजित कार्यक्रम आले. १९८९ मध्ये ‘गीतमाला’ही विविध भारतीवर आली, परंतु तोवर दूरचित्रवाणी व ध्वनिफिती घरोघर पोहोचल्या होत्या. नवे गीत प्रथम नभोवाणीवरच ऐकावयाचे, ही स्थिती पालटली. विविध भारतीची सूची मात्र तुलनेने कमी बदलली. एके काळी नवी असलेली गीते तिच्याबरोबरच जुनी झाली आणि तरुणांचे केंद्र ही तिची ओळख जाऊन ‘भूले बिसरे गीत’सारख्या कार्यक्रमांमुळे ती जुन्या गीतांचे घर मानली जाऊ लागली. सूची स्थिर राहूनही प्रतिमा कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण होय.

खाजगी एफएम केंद्रे : १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएम वाहिनीवरील वेळ खाजगी निर्मात्यांना दिला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. १९९९ च्या धोरणानुसार परवाने मिळालेल्या खाजगी केंद्रांपैकी पहिले २००१ मध्ये बंगळूर येथे सुरू झाले. मुंबईतील केंद्रे २००२ मध्ये आली. परवान्याचे ठराविक शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असल्याने ती तोट्यात गेली. खर्च भागविण्यासाठी प्रत्येकास सर्वांत मोठा श्रोतृवर्ग हवा होता. परिणामी बहुतेकांची सूची नव्या हिंदी चित्रपटगीतांवर येऊन ठेपली. स्वतंत्र वार्तापत्रांस परवानगी नसल्याने वेगळेपण दाखविण्यासाठी निवेदकाची बोलण्याची ढब, घोषवाक्य व ओळखधून एवढीच साधने उरली. मुंबईत ‘गो’ या नावाने इंग्रजी संगीताला मोठे स्थान देत सुरू झालेले केंद्र पुढे ‘रेडिओ वन’ या नावाने हिंदी गीतांकडे वळले व कालांतराने पुन्हा इंग्रजीकडे आले. २००५ च्या धोरणाने वार्षिक शुल्क उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आणले आणि २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने ध्वनिमुद्रिकांचे स्वामित्वशुल्क निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरविले. खर्चाचा भार हलका झाल्यावर वेगळ्या वाटा धुंडाळणे काहीसे सुकर झाले. ‘बिग एफएम’सारख्या केंद्रांनी अनेक शहरांत जुन्या गीतांवर भर दिला व विविध भारतीची प्रतिमा नव्या रूपात खाजगी क्षेत्रात अवतरली.

सूचीबाहेरचे संगीत : या बदलांचा लाभ सर्वत्र सारखा झाला नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील, नीरा नदीकाठचे अकलूज हे साखर-कारखानदारीमुळे भरभराटलेले गाव या दृष्टीने लक्षणीय आहे. सोलापूरपासून ते सु. ११५ किमी. व पुण्यापासून सु. १७० किमी. अंतरावर आहे. लघुतरंग शेकडो किमी. जातात आणि मध्यम तरंगही रात्री दूरवर पोहोचतात. एफएमच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने मोठ्या शहरातील प्रक्षेपकाचा पल्लाही साधारणतः ४० ते ६० किमी. असतो. खाजगी परवाने शहरवार दिले जातात व त्यांसाठी प्रामुख्याने एक लाखाहून अधिक लोकवस्तीची शहरे विचारात घेतली गेली. त्यामुळे कोलंबोचे गीत जेथे पोहोचे, तेथे पुण्याच्या खाजगी केंद्राचे गीत पोहोचत नाही. अलीकडे मोबाइलवरील आंतरजालामुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे.

सूचीत काय येत नाही, हेही अकलूजवरून ध्यानात येते. येथे १९९३ पासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरविण्यात येऊ लागल्या व त्यांत संगीतबाऱ्यांतील कलावतींना पारंपरिक लावणीसाठी व्यासपीठ मिळाले. नभोवाणीवर लावणी म्हणून जी वाजते, ती प्रायः चित्रपटातील असते. सुलोचना चव्हाण यांच्या ठसकेबाज लावण्या घरोघर पोहोचल्या त्या ध्वनिमुद्रिकांमुळे. तीन-चार मिनिटांचे ते गीत दोन जाहिरातींच्या मध्ये सहज बसते. बैठकीची लावणी एकाच ओळीवर अदा करीत रंगत जाते, तिचा विस्तार श्रोत्यांच्या प्रतिसादावर अवलंबून असतो व अभिनयाचा भाग केवळ ध्वनीतून पोहोचत नाही. ती सूचीतून कोणी वगळलेली नसते. सूचीच्या साच्यात ती मुळातच मावत नाही. दीर्घ पोवाडा व भारूड यांचीही स्थिती अशीच आहे. श्रोते मागत नाहीत म्हणून गीत वाजत नाही, आणि वाजत नाही म्हणून नव्या पिढीला ते मागता येत नाही, असे हे चक्र आहे. आकाशवाणीची लोकसंगीताची सभा व अकलूजसारख्या ठिकाणचे रंगमंच यांनी ते काही प्रमाणात भेदले. यामुळे व्यापारी केंद्राच्या सूचीवरून समाजाची संपूर्ण संगीताभिरुची ठरविता येत नाही. त्या अभिरुचीपैकी जाहिरातीच्या अर्थकारणात बसणारा भागच तीत उमटलेला असतो.